दोन्ही बाजूंनी

आधी वास आला. म्हणजे
होताच तो, पाहुण्यांना यायचा, मला नाही.
भाची मिरजेहून आली, चपला काढता काढता म्हणाली,
मामा, ओल्या पोत्यासारखं काय येतंय?
मी म्हटलं, बडोदा आहे बाई,
विश्वामित्रीचं पाणी कुणाच्या ना कुणाच्या घरात असतंच.

पण ते पाणी आमच्या सोसायटीत शिरलं नव्हतं.

कपाट सरकवलं, अकरा वर्षांनी.
मागे काळी-हिरवी वस्ती,
मध्ये दाट, कडेला तुरळक,
गाव वाढतं तशी वाढलेली.
एका दिवाळीचा रंग, त्यावर दुसऱ्या दिवाळीचा,
त्यावर खास दमट भिंतींसाठी म्हणून महाग मिळालेला तिसरा.
तिन्हींच्या पोटातून ती वर आली होती,
काही घाई नसल्यासारखी.
कपाटात, लग्नातल्या कोटाच्या खांद्यांवर
पांढरी भुरी.

मी ताठ ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन उभा राहिलो.
इलाबेन सोळंकींनी मनगट धरलं.
पालिकेतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त,
पर्समध्ये चष्म्याशेजारी दोन सुयांचं मीटर.
कोरडं घासाल तर उडेल, म्हणाल्या,
आणि उद्या तुमच्या उशीवर बसेल.
सुया भिंतीत टोचल्या. आकडा चढत गेला.
भेज, त्या म्हणाल्या.

आमच्याकडे त्याला ओल म्हणतात.
पेरणीला ओल लागते, बोलण्यात ओल लागते,
अमक्याच्या मनात अजून ओल आहे, असंही म्हणतो आम्ही.
भिंतीबद्दल म्हणताना
आवाज आपोआप खाली येतो.

मग त्यांनी दुधाच्या पिशवीएवढा प्लॅस्टिकचा चौकोन
चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवला.
दोन दिवस हात लावायचा नाही.
थेंब आतून आले तर पाणी भिंतीचं.
बाहेरून आले तर तुमचं:
कुकरचं, आंघोळीचं, खोलीत वाळणाऱ्या टॉवेलांचं,
झोपेत सोडलेल्या श्वासाचं.

दोन रात्री मी देवाला सांगत होतो, आतून येऊ दे.
आतून म्हणजे वरून, वरून म्हणजे तरलिका दवे,
आणि स्कूटर जिन्याखाली कुणी लावायची यावरून
सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

थेंब दोन्ही बाजूंनी आले.

न्हाणीघराची खिडकी मी वर्तमानपत्रानं बुजवली होती,
डासांसाठी. कागद काढला,
तारीख वाचली, घडी करून टाकून दिला.
मग जिना चढलो. एकोणीस पायऱ्या.
बेल वाजवून काय बोलायचं ते ठरवलं होतं,
दार उघडल्यावर आठवेना.
त्या म्हणाल्या, वर्गणी का?
मी म्हटलं, पाणी.
त्यांनी आत जाऊन ग्लास भरून आणला.
मी तो उभ्याउभ्या प्यायलो, आणि मग सांगितलं.

जाळीशेजारी फरशीची दर्ज उघडी होती,
काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी.
सहा वर्षं तेवढ्यातून
त्यांची आंघोळ माझ्याकडे उतरत होती.

गिलावा पाण्यानं भिजवून, मास्क लावून,
विटेपर्यंत खरवडला. चुरा दुहेरी पिशवीत, तोंड बांधून.
वर दर्ज भरली, खाली पंखा लावला.
रंगारी रोज विचारी, आज?
इलाबेन सुया टोचून म्हणत, नाही.
पंचेचाळीस दिवस वीट उघडी राहिली.
येणारा-जाणारा तिच्याकडे बघे,
मीही सवयीनं चहा तिच्यासमोरच घेऊ लागलो.

कोट वाचला नाही.
जिन्याखाली अजून त्यांचीच स्कूटर असते.

कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे.
रात्री झोपण्यापूर्वी मी त्या फटीत हात घालून
तळवा भिंतीला टेकवतो.
कोरडी. थोडी गार.
तरी वास घेऊन बघतो,
माझ्या नाकावर माझा भरवसा नाही.